रानातला डिंक पाकिटात भरताना: झाडापासून लेबलापर्यंत मालाचा माग कसा ठेवायचा

डिंकाची पाकिटं विकायची ठरली की बहुतेक बचतगट आधी लेबल छापायला टाकतात. अमरावतीला जायचं, चांगलं चित्र निवडायचं, हजारभर लेबलं आणायची आणि मग डिंक भरायला बसायचं. मेळघाटातल्या आमच्या गटानेही हेच केलं होतं. पहिल्याच वर्षी एका दुकानातून चाळीस पाकिटं परत आली. तक्रार अशी की तुपात तळताना काही खडे लाहीसारखे फुलले, काही दगडासारखे तसेच राहिले आणि कढईतून धुपासारखा वास आला. धावड्याच्या डिंकात सालई मिसळली होती. गटातली एक मावशी म्हणाली, "डिंक त चांगला दिसते न बाई, मंग वापस कायले केला?" दिसायला खरंच चांगला होता. पण ती सालई कुणाच्या टोपल्यातून आली, कोणत्या आठवड्यात आली, आणखी किती पाकिटांत गेली, यातलं काही सांगता येईना. लेबलावर गाव होतं, गट होता, वाघ होता. शेवटी त्या वर्षीचा उरलेला सगळा डिंक विक्रीतून काढावा लागला, कारण चांगला माल वाईट मालापासून वेगळा करायला वहीत एक ओळसुद्धा नव्हती.

त्यानंतर आम्ही कामाचा क्रम उलटा केला. आधी झाडाखालची नोंद, मग वाळवण, मग पाकीट, आणि लेबल सगळ्यात शेवटी. याच क्रमाने पुढे सांगते.

डिंक कोणता, हे आधी ठरवा

बाजारात सगळ्यालाच डिंक म्हणतात, पण आपल्या जंगलात निदान चार वेगळे पदार्थ त्या नावाने फिरतात. लाडवाचा डिंक म्हणजे मुख्यतः धावड्याचा. बाभळीचा डिंकही खातात. कुलूचा डिंक (काही भागात या झाडाला कांडोळ म्हणतात) पाण्यात फुगतो आणि उन्हाळ्यात सरबतात घालतात. सालईचा पदार्थ डिंक आणि राळ यांचं मिश्रण आहे. तो धुपाचा आणि औषधाचा माल, लाडवाचा नव्हे.

ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. प्रत्येक टोपल्यातले थोडे खडे कुटून चमचाभर भुकटी पेलाभर पाण्यात रात्रभर ठेवा. बाभळीचा डिंक जवळजवळ पूर्ण विरघळतो. धावड्याचा बराचसा विरघळतो, पण थोडा भाग लिबलिबीत होऊन तळाशी राहतो. कुलूचा विरघळतच नाही, पाणी पिऊन कितीतरी पट फुगतो आणि पेल्यात जेली होते. सालईचा पाणी दुधाळ करतो आणि बोटाला चिकटतो. सालईबद्दल शंका उरली तर एक खडा निखाऱ्यावर टाका, सुगंधी धूर निघाला की समजा. ही परीक्षा दर संकलनाच्या दिवशी करायची. आमच्या गटात पेल्यांची रांग लावून त्यावर टोपल्याच्या क्रमांकाच्या चिठ्ठ्या चिकटवतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोघीजणी मिळून बघतो. एकटीने बघितलं की घाईत चूक होते.

नोंद झाडाखाली सुरू होते

माल कोणत्या हद्दीतला, हा पहिला प्रश्न. ज्या जंगलावर तुमच्या ग्रामसभेचा सामूहिक वनहक्क मान्य झालेला आहे, तिथलाच डिंक घ्या. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची (डिंक, बांबू, मध अशा मालाची) मालकी आणि विक्रीचा हक्क लोकांना दिला आणि २०१२ च्या सुधारित नियमांनी वाहतूक परवाना देण्याचं काम ग्रामसभेच्या समितीकडे आलं. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये हा हक्क मिळाला आणि बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक गावाच्या हाती यायला एप्रिल २०११ उजाडला. एवढ्या झगड्यानंतर मिळालेला तो कागद आपण नुसता नाक्यावर दाखवून खिशात घालतो. त्याचा क्रमांक लॉटच्या (एकत्र वाळवून भरलेल्या एका खेपेच्या) वहीत लिहा. माल कायदेशीर आहे याचा तुमच्याकडचा सगळ्यात पक्का पुरावा तोच.

आसाम आणि त्रिपुरातल्या अगरूच्या (सुगंधी लाकडाच्या) धंद्यात माल कुठला, हा प्रश्न फार मोठ्या पैशाचा आहे. अगरूच्या झाडाची भारतीय जात १९९५ पासून सायटिस कराराच्या (धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) दुसऱ्या परिशिष्टात आहे. लाकूड असो की अत्तर, ते कुठून आलं हे कागदावर नसेल तर माल देशाबाहेर जात नाही. आपला डिंक त्या यादीत नाही, पण शहरातलं चांगलं दुकान आता तेच विचारायला लागलं आहे.

जंगलाचे पट्टे पाडा. नाल्याच्या अलीकडचा, टेकडीचा, देवाच्या झाडाकडचा, अशी नावं सगळ्यांना तोंडपाठ असतातच. त्या प्रत्येक पट्ट्याला एक क्रमांक द्या आणि गावाच्या नकाशावर रंगवून भिंतीला लावा. संकलनाला जाणाऱ्या प्रत्येकीला कापडी पिशवी द्या आणि पिशवीला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधा. चिठ्ठीवर तारीख, पट्ट्याचा क्रमांक, झाडाची जात आणि संकलन करणारीचा क्रमांक, एवढ्या चार गोष्टी पुरतात. लिहिता न येणाऱ्या बायांसाठी आम्ही जातीनुसार दोऱ्याचा रंग ठरवला: धावड्याला पांढरा, बाभळीला पिवळा, कुलूला लाल. सालईची पिशवी निळ्या दोऱ्याची, आणि ती वेगळ्या दिवशी, वेगळ्या खोलीत उतरवायची.

नोंदीत आणखी एक रकाना ठेवा: डिंक आपोआप सुटलेला की खाच मारून काढलेला. जास्त डिंकासाठी खोडात इथेफॉन नावाचं रसायन देण्याची पद्धत आहे. कुणी ते दिलं असेल तर तो माल वेगळा राहिला पाहिजे आणि विचारणाऱ्याला खरं सांगता आलं पाहिजे. कुलूच्या झाडावर कुऱ्हाडीचे खोल घाव घालून कितीतरी जंगलांतली झाडं मारली गेली आहेत, म्हणून कोणत्या झाडावर कधी खाच मारली हेही लिहा. पुढच्या वर्षी त्या झाडाला विसावा देता येतो.

डिंक गोळा करायचा तो उन्हाळ्यात, पावसाच्या आधी. पावसाने धुतलेला डिंक काळवंडतो आणि सालीची घाण धरतो. मृगाच्या सरीनंतर आलेला माल घ्यायचाच झाला तर त्याचा लॉट स्वतंत्र करा.

वाळवण

परत आलेल्या त्या पाकिटांत दुसरा दोष ओलाव्याचा होता. वरून कोरडा, आतून ओला खडा तळताना बाहेरून लाल होतो, आत कच्चा राहतो आणि दाताला चिकटतो.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, म्हणून अंगणात पसरला की झालं, असं वाटतं. पण थेट उन्हात खड्याची वरची कातडी आधी टणक होते आणि आतला ओलावा अडकून बसतो. शिवाय धुळीचं वावटळ आलं की सगळी मेहनत वाया. आम्ही मांडवाखाली बांबूच्या ताट्यांवर पातळ थर देतो, वर मलमलीचं कापड बांधतो आणि सुपारीएवढे मोठे गोळे फोडूनच पसरतो. रोज एकदा हात फिरवायचा.

वाळला की नाही हे दिवस मोजून ठरवू नका. एक ताटी निवडा, तिचं वजन लिहा आणि चोवीस तासांनी पुन्हा करा. लागोपाठ दोन दिवस वजन उतरलं नाही, म्हणजे झालं. दुसरी खूण कानाची: वाळलेला खडा बत्त्याखाली कट्कन फुटतो, काचेसारखी धारदार ढलपी निघते. ओला खडा दबतो. तिसरी कढईची: प्रत्येक लॉटमधले दहा खडे तुपात तळा आणि वाटीने दाबा. दहाही भुगा व्हायला हवेत. एक जरी आत कडक निघाला तर पूर्ण लॉट परत ताटीवर.

निवडणं

सालीचे तुकडे, माती, मुंग्या काढणं हे सगळ्यांना येतं. मला बोलायचं आहे ते न दिसणाऱ्या दोन गोष्टींबद्दल. काचेच्या बांगडीचा पिवळसर किंवा रंगहीन तुकडा डिंकात पडला की डोळ्यांनी ओळखणं अशक्य. आमच्यातल्या बायांना बांगड्या काढा म्हणणं बरं वाटत नाही, आणि ते म्हणायची गरजही नाही. मनगटापर्यंत घट्ट बसणाऱ्या कापडी बाह्या शिवून घेतल्या, त्या चढवूनच निवडायला बसायचं. दुसरी गोष्ट स्टेपलरची पिन. पॅकिंगच्या खोलीत स्टेपलर ठेवूच नका, चिठ्ठ्या दोऱ्याने बांधा.

निवडताना तीन ढीग: फिका आणि स्वच्छ, मधासारखा, आणि गडद. चाळणीखालची भुकटी चौथी. भाव वेगळा, म्हणून लॉटही वेगळा. गडद मालात मूठभर फिका वर पसरून पाकीट सजवण्याचा मोह होतो, तो टाळा. गिऱ्हाईक पाकीट उलटं करतं.

निवडलेला माल भरेपर्यंत झाकणाच्या डब्यात ठेवा आणि डबा भिंतीपासून वीतभर दूर, पाटावर. युरियाचं रिकामं पोतं कितीही धुतलं तरी ते डिंकाला लावायचं नाही. रद्दीच्या कागदावर पसरायचंही नाही, शाई लागते.

पाकीट कसं असावं

पाकिटाचं मुख्य काम ओलावा बाहेर ठेवणं. साधी पातळ पिशवी उन्हाळ्यात ठीक वाटते, पण जुलैत परतवाड्याच्या दुकानात तोच डिंक एकमेकांना चिकटून ढेकूळ होतो. खाद्यपदार्थासाठीचा लॅमिनेट पाऊच घ्या, शक्यतो मधल्या थरात ॲल्युमिनियम असलेला. रंग दिसावा म्हणून छोटी पारदर्शक खिडकी चालते, मात्र खिडकीकडून ओल लवकर शिरते हे धरून त्या पाकिटाची मुदत कमी ठेवा. काचेची बरणी ओलाव्याला उत्तम, पण एसटीच्या टपावरून धारणी ते अमरावती घाट उतरताना ती टिकवायला जेवढं गवत आणि पुठ्ठा लागतो तेवढ्यात नफा जातो. बरणी आम्ही फक्त प्रदर्शनासाठी ठेवतो.

ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी डिंकाच्या पाकिटात घालू नका, हे ठासून सांगते. तिचे दाणे आणि डिंकाची कणी सारखीच दिसतात. पुडी फाटली तर घरातली बाई ते दाणे डिंकासोबत तुपात टाकेल. माल नीट वाळवला आणि पाऊच चांगला असला तर त्या पुडीची गरज पडत नाही.

भरताना पाऊचच्या तोंडाला भुकटी लागते आणि तिथेच सील कच्चं राहतं. म्हणून नरसाळ्याने भरा, तोंड कोरड्या फडक्याने आतून पुसा, मग सीलर दाबा. दर पन्नास पाकिटांमागे एक पाकीट बादलीतल्या पाण्यात दाबून बघा. बुडबुडा आला तर मागची सगळी पाकिटं पुन्हा तपासायची. तपासलेलं पाकीट विकायचं नाही, घरी वापरायचं.

वजनकाटा वैधमापन विभागाकडून (वजन-मापं तपासणारं सरकारी खातं) पडताळून शिक्का मारलेला हवा. रोज सकाळी प्रमाणित वजन ठेवून तो तपासा आणि आकडा वहीत लिहा. निव्वळ वजन म्हणजे पाऊच वगळून फक्त डिंकाचं. २५० ग्रॅमच्या पाकिटात आम्ही २५२ भरतो. त्या दोन ग्रॅमचं दुःख करू नका, कमी भरलेलं एक पाकीट सापडलं तर दंडही होतो आणि नावही जातं.

लेबलावर काय हवं

पाकीटबंद विक्री करायची तर दोन ठिकाणी नोंद लागते. एक, एफएसएसएआयची (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी किंवा परवाना. उलाढाल लहान असेल तर नोंदणी, मोठी असेल तर परवाना, आणि त्यासाठी जिल्ह्याचं अन्न व औषध प्रशासनाचं कार्यालय. दुसरी, वैधमापन विभागाकडे पॅकर म्हणून नोंद, पॅकेज्ड कमोडिटीज नियम २०११ प्रमाणे, पॅकिंग सुरू केल्यापासून ९० दिवसांच्या आत. पहिली नोंद सगळ्यांना माहीत असते, दुसरी बहुतेक गट विसरतात.

भाषेची एक गोष्ट लक्षात घ्या. २०२० च्या लेबलिंग नियमांप्रमाणे आवश्यक माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावीच लागते. मराठी त्यासोबत हवी तेवढी लिहा, पण नुसतं मराठी लेबल नियमात बसत नाही.

आमच्या धावड्याच्या पाकिटावरचा मराठी मजकूर असा आहे, तुमच्या सोयीने बदला:

धावड्याचा डिंक (खाण्यासाठी)
प्रत: फिका, निवडक
निव्वळ वजन: २५० ग्रॅम
लॉट क्रमांक: २५-१६-०४-१-०२
पॅकिंगचा महिना व वर्ष / या तारखेपूर्वी वापरा
कमाल किरकोळ किंमत, सर्व करांसह, आणि प्रति ग्रॅम दर
पॅकिंग करणाऱ्या गटाचं नाव व पूर्ण पत्ता
तक्रारीसाठी फोन आणि ईमेल
एफएसएसएआयचं चिन्ह व १४ अंकी क्रमांक, शाकाहाराचं हिरवं चिन्ह
वापर: तुपात मंद आचेवर फुलवून घ्या. कोरड्या जागी, हवाबंद ठेवा.

प्रति ग्रॅम दर बरेच जण गाळतात. समजा २५० ग्रॅमची किंमत २०० रुपये असेल तर "०.८० रुपये प्रति ग्रॅम" असं लिहायचं. कुलूच्या पाकिटावर वापराची सूचना मोठ्या अक्षरांत हवी: भरपूर पाण्यात रात्रभर भिजवून, पूर्ण फुगल्यावरच खा. तो कोरडा गिळला तर पोटात जाऊन फुगतो, घशात अडकू शकतो.

काय लिहायचं नाही, तेही महत्त्वाचं. "कंबरदुखी जाते", "बाळंतिणीची ताकद भरून येते", असं आजी सांगत आली असली तरी खाद्यपदार्थाच्या लेबलावर आजार बरा करण्याचा दावा चालत नाही. "सेंद्रिय" हा शब्दही प्रमाणपत्राशिवाय वापरता येत नाही, माल कितीही रानातला असो. त्याऐवजी झाडाचं नाव, गाव, तालुका आणि संकलनाचा हंगाम लिहा. हे सगळं खरं असतं, आणि माझा अनुभव असा की जाणतं गिऱ्हाईक याच ओळी वाचतं.

मुदत किती द्यावी? पहिल्या वर्षी कमी द्या. प्रत्येक लॉटमधली काही सीलबंद पाकिटं राखीव नमुना म्हणून कपाटात ठेवा आणि दर तीन महिन्यांनी एक उघडून तळून बघा. त्यासाठी दर लॉटमागे चार-पाच पाकिटं बाजूला काढावी लागतात, तेवढा खर्च धरा. कुलूचा डिंक जुना झाला की त्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो आणि फुगायची ताकद कमी होते. नमुन्याला तो वास आला की बाजारातला त्या लॉटचा मालही परत मागवायचा.

लेबलाच्या कागदाबद्दल थोडं. काट्याला जोडलेल्या छोट्या यंत्रातून निघणारा थर्मल कागद ऊन आणि तेलकट हात लागला की फिका पडतो. दिवाळीपर्यंत लॉट क्रमांक वाचता येत नाही. रिबनवर छापणारं यंत्र घ्या, किंवा पाऊचवर पक्क्या शाईने छापा. रबरी शिक्क्याची साधी शाई लॅमिनेटवरून बोटाने पुसली जाते.

लॉट क्रमांक आणि उलटा माग

वरचा क्रमांक वाचून बघा. २५ म्हणजे २०२५ साल. १६ म्हणजे वर्षाचा सोळावा आठवडा, एप्रिलचा मधला. ०४ हा जंगलाचा पट्टा, १ ही प्रत, ०२ ही त्या आठवड्यातली वाळवणाची दुसरी ताटी. अक्षरं मुद्दाम घातली नाहीत, म्हणजे फोनवर सांगताना कुणाचाही गोंधळ होत नाही. एका लॉटमध्ये दोन पट्ट्यांचा माल भरायचा नाही. पाकिटं कमी पडली तर कमीच विकायची.

वही एकच, पण दोन बाजूंनी वाचता येणारी. डाव्या पानावर लॉट कुठून आला: पिशव्यांचे क्रमांक, वाहतूक परवान्याचा क्रमांक, पाण्याच्या आणि तुपाच्या परीक्षेचा निकाल, वाळवणाचं शेवटचं वजन, भरणारीची सही किंवा अंगठा. उजव्या पानावर लॉट कुठे गेला: दुकान, तारीख, किती पाकिटं, बिल क्रमांक. उजवं पान लिहायचा सगळ्यांना कंटाळा येतो. मात्र तक्रार आली की पहिल्यांदा तेच लागतं. पाकिटांचा हिशोब जुळलाच पाहिजे: भरलेली, विकलेली, राखीव, फुटलेली. हिशोबात एक पाकीट जरी कमी आलं तरी ते त्याच रात्री शोधायचं.

बारकोड आणि क्यूआर कोडबद्दल फार विचारणा होते. मोठ्या दुकानात लागणारा ८९० ने सुरू होणारा बारकोड फक्त वस्तू ओळखतो, म्हणजे "धावड्याचा डिंक, २५० ग्रॅम" एवढंच. त्यातून लॉट कळत नाही. क्यूआरमागचं पान दर लॉटला कुणी भरणार असेल तरच तो छापा. आमच्याकडे नेटवर्क टेकडीवर चढल्यावर लागतं, म्हणून आम्ही अजून क्यूआर घेतलेला नाही. छापील लॉट क्रमांक आणि उचलला जाणारा फोन, यावर काम चालतं.

वर्षातून दोनदा, एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा दिवाळीच्या मागणीआधी, आम्ही चाचणी घेतो. गटाबाहेरच्या कुणालातरी एक पाकीट उचलायला सांगायचं, घड्याळ लावायचं, आणि वहीवरून पट्टा, पिशव्या आणि त्या लॉटची पाकिटं गेलेली सगळी दुकानं सांगायची. पहिल्यांदा आम्हाला पाऊण तास लागला आणि एक पिशवी सापडलीच नाही, चिठ्ठी पावसात भिजून गळून पडली होती. तेव्हापासून चिठ्ठीवर मेणबत्ती घासतो. आता दहा मिनिटं पुरतात.